घराचा गल्ला, दुकानाची वही



  यवतमाळच्या या व्याख्यानमालेतला आजचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी विचारलं, "साहेब, व्याख्यानमालेत जीएसटी?" मी म्हटलं, या सभागृहात निम्म्याहून जास्त घरं दुकानावर, अडतीवर, जिनिंगवर, नाहीतर कृषी केंद्रावर चालतात. मग घर ज्यावर चालतं त्याचा हिशेब हा विषय नाही, तर विषय कोणता?

आणि कर ही गोष्ट आपल्याकडे काही काल-परवा आलेली नाही. भारतात विक्रीकर पहिल्यांदा कुठे लागला, ठाऊक आहे? मुंबईत नव्हे, कलकत्त्यातही नव्हे. १९३८ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांताने पेट्रोल आणि वंगणाच्या विक्रीवर कर बसवला. यवतमाळ तेव्हा याच प्रांतात होतं. दिल्लीचं सरकार म्हणालं, हे तर उत्पादनशुल्क झालं, तो आमचा अधिकार. प्रकरण नव्यानेच स्थापन झालेल्या संघ न्यायालयात गेलं. सर मॉरिस ग्वायर मुख्य न्यायाधीश आणि न्यायाधीशांत आपले मुकुंदराव जयकर. निकाल प्रांताच्या बाजूने लागला. पुढे १९४७ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा विक्रीकर कायदा आला, महाराष्ट्र झाल्यावर मुंबईचा १९५९ चा कायदा आला, २००५ साली व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. चार पिढ्या आपला दुकानदार विक्रीचा हिशेब सरकारला देतो आहे. माझा आजचा प्रश्न एवढाच आहे: हाच हिशेब त्याने स्वतःला कधी दिला का?

मी करसल्लागार. माझ्यासमोर खुर्चीत बसणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो? "सांगा ना साहेब, किती भरा लागते?" वर्षभर दुकान केलं, त्यात किती उरलं, कुठे अडकलं, कुठे गळलं, हे तो विचारत नाही. किती भरायचं, एवढंच विचारतो. म्हणजे त्याच्या लेखी वही ही सरकारची वस्तू आहे. मला आज जे सांगायचं आहे ते या समजुतीविरुद्ध आहे. वही आधी घराची आहे. सरकार तिचा दुसरा वाचक.

आता घर आणि दुकान या जोडीकडे या. आपल्याकडे दुकानाला एकच गल्ला असतो आणि त्यात सगळ्यांचे हात असतात. सकाळी दुधाचे पैसे त्यातून, दुपारी मुलाच्या शिकवणीचे त्यातून, संध्याकाळी पाहुणे आले तर जिलेबी त्यातून. रात्री गल्ला मोजला की "आज धंदा मंदा". धंदा मंदा नव्हता हो! धंदा बरा होता, घर जोरात होतं. जुने मुनीम यासाठी एक साधी गोष्ट करत. घरात गेलेला प्रत्येक पैसा मालकाच्या नावे लिहीत. त्याला उचल म्हणत. ती वाईट गोष्ट नाही. मालकाने उचल घ्यायचीच. ती लिहायची, एवढंच. माझं मागणं तर याहून कमी आहे. महिन्याची एक रक्कम ठरवा, पहिल्या तारखेला दुकानाच्या खात्यातून घराच्या खात्यात टाका, आणि पुढचे तीस दिवस गल्ल्याला हात लावू नका. सहा महिन्यांत कळेल, दुकान घराला पोसतं आहे की घर दुकानाला खातं आहे.

यात दुसरी एक लबाडी आहे, ती आपण आपल्याशीच करतो. दुकानाची जागा वडिलोपार्जित, म्हणून भाडं शून्य. धाकटा भाऊ दिवसभर उभा, त्याचा पगार शून्य. घरच्या लक्ष्मीने बसून मसाल्याची पाकिटं भरली, तिची मजुरी शून्य. आणि मग म्हणायचं, दोन लाख नफा झाला. हे तीन आकडे धरले तर नफा कुठे राहतो? पुढे भाऊ वेगळे निघतात तेव्हा हे न लिहिलेले आकडे बाहेर येतात. "मी वीस वर्षं राबलो" असं एक म्हणतो, "भांडवल बाबांचं होतं" असं दुसरा म्हणतो, आणि कागदावर दोघांचंही काही नसतं. २००५ पासून मुलीही एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने वाटेकरी आहेत, हेही त्याच वेळी आठवतं. घरातली भांडणं वहीने मिटतात असा माझा दावा नाही. पण वही नसेल तर ती कोर्टात मिटतात, आणि कोर्टाचा खर्च कुठल्याही कराहून मोठा असतो.

आता नफा कमी दाखवण्याच्या सवयीबद्दल. ही सवय आपल्या हाडात आहे. वडिलांनी चार लाख दाखवले, मुलगाही साडेचारच दाखवतो. का? पूर्वी त्याला कारण होतं, गैर का होईना. आज ते कारणही उरलेलं नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत व्यक्तीचं उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर नेहमीच्या धंद्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. (एकत्र कुटुंबाच्या पॅनला ही सवलत नाही, हे मात्र लक्षात ठेवा, अनेक घरं इथेच चुकतात.) म्हणजे खरे सात लाख मिळवून साडेचार दाखवणारा माणूस किती कर वाचवतो? शून्य. आणि गमावतो काय? बँक तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. साडेचार लाखांच्या उत्पन्नावर त्याला हवं तेवढं कॅश क्रेडिट मिळत नाही. मग तो खासगीत शेकडा तीन रुपये महिन्याने उचलतो. वर्षाला छत्तीस टक्के! न लागणाऱ्या कराच्या भीतीने छत्तीस टक्के भरणारा व्यापारी आपल्या जिल्ह्यात दुर्मिळ नाही.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अनेक घरांत दुसरी फर्म वहिनींच्या नावावर असते. उलाढाल विभागली जावी, म्हणून. सही वहिनींची, कोरे धनादेश वहिनींचे, व्यवहार सगळा भाऊसाहेबांचा. कायद्याच्या दृष्टीने मालक कोण? वहिनी. नोटीस कोणाला येणार? वहिनींना. वसुली कोणाच्या दागिन्यांपर्यंत जाणार? वहिनींच्या. म्हणून माझं सांगणं, तुमच्या नावावर फर्म असेल तर महिन्यातून एकदा वही तुमच्यासमोर उघडली गेली पाहिजे. आणि ज्या घरात ती उघडायला कुरकुर होते, तिथे सही करायलाही कुरकुर करा. 

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे, म्हणजे उधारीकडे येतो.

आपला जिल्हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. जूनमध्ये पेरणी, दसरा-दिवाळीला पहिली वेचणी, फेब्रुवारी-मार्चपर्यंत विक्री. शेतकऱ्याच्या हाती पैसा हिवाळ्यात येतो आणि खर्च पावसाळ्यात. मधलं अंतर कोण भरतं? काही बँका, काही सोसायट्या, आणि फार मोठा भाग कृषी केंद्रवाला. बियाणं, खत, औषध तो उधारीत देतो. कापूस विकला की पैसे येतात. ही पतपुरवठ्याची व्यवस्था आहे, तिला कुणी तसं नाव दिलं नाही, एवढंच. यवतमाळच्या दत्त चौकात बसून नियम कोणी केले असते तर कदाचित याचा विचार झाला असता.

जीएसटीचा नियम काय? बिल फाडलं की कर लागला. पैसे आले की नाही, हे तो विचारत नाही. जूनमध्ये एक लाखाचं कीटकनाशक उधार दिलं, त्यावर अठरा टक्के म्हणजे अठरा हजार. मासिक विवरणपत्र असेल तर २० जुलैला हिशेब चुकता. शेतकऱ्याचे पैसे जानेवारीत. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर दुकानदाराला सगळे अठरा हजार खिशातून भरावे लागत नाहीत. माल अठ्ठ्याऐंशी हजारांना घेतला असेल तर पंधरा हजार आठशे चाळीस त्याने खरेदीत दिलेले असतात, ते वजा होतात, रोख उरतात दोन हजार एकशे साठ. व्यापारी संघटनांच्या भाषणांत ही वजाबाकी ऐकू येत नाही. पण तिच्यातही एक खोच आहे. तुम्ही कंपनीचं बिल एकशे ऐंशी दिवसांत चुकवलं नाही, तर घेतलेली ही वजावट, म्हणजे क्रेडिट, व्याजासह परत करावी लागते. जूनच्या बिलाचे एकशे ऐंशी दिवस डिसेंबरात संपतात. आणि आपला कापूस? तो त्याच वेळी वायदे करतो, भाव वाढतील म्हणून घरात थांबतो! शेतकऱ्याने कापूस थांबवला की दुकानदाराचं क्रेडिट उलटतं. दिल्लीतला नियम आणि घाटंजीतल्या घराची ओसरी यांचा असा थेट संबंध आहे.

उधारी बुडाली तर? पाऊस गेला, बोंडअळी आली, शेतकरी हतबल झाला. प्राप्तिकरात बुडीत रक्कम वहीत रीतसर बुडीत लिहिली की नफ्यातून वजा मिळते. जीएसटीत मात्र भरलेला कर परत मिळत नाही. सरकारचा वाटा वसूल, दुकानदाराचा बुडीत. हा नियम मला अन्यायाचा वाटतो आणि तो बदलावा अशी मागणी आपल्यासारख्या जिल्ह्यांनीच केली पाहिजे, कारण रोखीने चालणाऱ्या शहरांना त्याचा काटा टोचतच नाही.

आता प्राप्तिकरातली अनुमानित उत्पन्नाची योजना. दोन कोटींपर्यंत उलाढाल, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत, उलाढालीच्या आठ टक्के नफा दाखवा, वही दाखवावी लागणार नाही. बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या रकमेवर सहाच टक्के. किराणा दुकानाला ही योजना छान बसते. उधारीच्या दुकानाला? इथे थांबून विचार करा. या योजनेत बुडीत उधारी वेगळी वजा मिळत नाही. दुसरं, सहा टक्क्यांचा लाभ हवा असेल तर ती रक्कम विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत बँकेत आलेली हवी. मार्चच्या उधारीचे पैसे जूनमध्ये फोनपेवर आले तरी चालतात, पण गल्ल्यात रोख आले तर आठ टक्के. ही बारीक गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? आणि सगळ्यात घातक काय, तर या योजनेमुळे लोकांनी वह्याच बंद केल्या. कायद्याने वही माफ केली असेल, उधारीने केलेली नाही. कोणाकडे किती, हे लिहिलं नाही तर वसूल कशाच्या आधारावर करणार?

बिलाचं आणखी एक अंग आहे, ते कराच्या पलीकडचं आहे. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. कोणतं औषध, कोणती बॅच, कोणी विकलं, याचं उत्तर कशात असतं? बिलात. कीटकनाशक विकताना पावती देणं हे करकायद्याच्याही आधी कीटकनाशकांच्या नियमांनी बांधलेलं आहे. तरी "बिल कशाला पाहिजे भाऊ, दहा रुपये कमी दे" असं गिऱ्हाईक म्हणतं आणि दुकानदार मान डोलावतो. दहा रुपयांत शेतकरी स्वतःचा एकमेव पुरावा विकतो. खताचंही तसंच. अनुदानित खत ई-पॉस यंत्रावर अंगठा घेऊन विकायचं असतं. म्हणजे एकाच खताचा साठा तीन ठिकाणी असतो: यंत्रात, वहीत आणि गोदामात. हे तीन आकडे जुळत नसतील तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला वेगळं काही शोधावं लागत नाही.

कापसाकडे वळू. आपला आणि कापसाच्या बाजाराचा संबंध जुना आहे. दारव्ह्याच्या शेजारच्या कारंज्यात १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूसबाजार उभा राहिला. आज जिनिंगवाल्याची स्थिती काय? शेतकऱ्याकडून कपाशी घेतली की शेतकरी कर लावत नाही, तो जिनिंगवाल्यानेच उलट पद्धतीने भरायचा. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हा नियम आहे, दर पाच टक्के. शंभर क्विंटल साडेसात हजारांनी घेतला, साडेसात लाख झाले, त्यावर साडेसदतीस हजार रोख भरायचे. जुन्या क्रेडिटमधून चालत नाहीत. भरले की त्याच महिन्यात क्रेडिट मिळतं, हे खरं. पण हंगामाच्या तोंडावर रोज शेकडो क्विंटल घेणाऱ्याचं भांडवल त्यात अडकतं, हेही खरं. पुढे रुईला कर, सरकीला कर, आणि ढेपेला माफी. माफी चांगली वाटते ना? ढेप माफ असली की तेवढ्या हिश्शाचं क्रेडिटही सोडून द्यावं लागतं. हे न पाळलेल्या गिरण्यांना दोन-तीन वर्षांनी व्याजासह हिशेब येतो.

गडबड होते ती खेडा खरेदीत. गावात फिरून कापूस गोळा करणारा छोटा व्यापारी शेतकरी नसतो. पण पावती कोणाच्या नावाने फाटते? शेतकऱ्याच्या. कारण शेतकऱ्याला शेतमालापोटी रोख दिलं तर चालतं. व्यापाऱ्याला दिवसाला दहा हजारांच्या वर रोख दिलं तर तो खर्चच नामंजूर. पूर्वी हे खपून जात असे. आता ई-पीक पाहणीत कोणाच्या शेतात काय पेरलं ते नोंदलेलं आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर सोयाबीन, त्याच्याकडून साठ क्विंटल कापूस कसा आला? शिवाय गाठीवरून रुईचा उतारा काढता येतो, विजेच्या बिलावरून किती कपाशीची सरकी काढली ते काढता येतं. हाच तपास दुकानाचा नफा शेतीच्या नावावर दाखवणाऱ्यांनाही लागू आहे. चार एकर कोरडवाहूत अठरा लाखांचं उत्पन्न दाखवणारे कागद मी पाहिले आहेत. तसं पीक कृषी विद्यापीठालाही जमलेलं नाही.

जाता जाता पैनगंगेबद्दल, म्हणजे तेलंगणाच्या सीमेबद्दल. पांढरकवडा, झरी, वणी इकडच्या व्यापाऱ्यांचा अर्धा जीव आदिलाबादला आहे. गिऱ्हाईक तिकडचं, सोयरीक तिकडची. पण तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल, म्हणजे उलाढालीवर एक टक्का भरून मोकळे होणारे, तर करपात्र माल तेलंगणात पाठवता येत नाही. आणि उलाढाल चाळीस लाखांच्या आत असल्यामुळे नोंदणीच केली नसेल, तरी पैनगंगेपलीकडे माल पाठवताच नोंदणी लागते. नदी तीच, पाणी तेच. बिलाच्या दृष्टीने तो परमुलूख आहे.

आमच्या पूर्वजांचं व्यापारी वर्ष दिवाळी ते दिवाळी होतं. लक्ष्मीपूजनाला नवी वही. १९८९-९० च्या कर आकारणी वर्षापासून प्राप्तिकराने सगळ्यांना ३१ मार्च सक्तीचा केला. कापसाच्या हंगामाला ही तारीख गैरसोयीची आहे. त्या दिवशी जिनमध्ये माल असतो, बाजारात उधारी असते, आणि साठ्याची किंमत काय धरायची यावर वाद. तरी मी एक सुचवतो. सरकारसाठी मार्चचा ताळेबंद करा, आणि दिवाळीला घरासाठी दुसरा. एका पानाचा. येणं किती, देणं किती, माल किती, घरात गेले किती. चार आकडे. वहीला हळदकुंकू लावून ती कपाटात ठेवण्यापेक्षा हे पान सगळ्या भावांनी मिळून वाचलं तर पूजा सार्थकी लागेल.

शेवटी आमच्या व्यवसायाबद्दल, म्हणजे करसल्लागारांबद्दल थोडं. आमच्यात सगळेच चांगले असं मी म्हणणार नाही. तुम्ही फी देताना घासाघीस करता, आम्ही हंगामात फोन उचलत नाही. हिशेब बरोबरीचा आहे. पण एक गोष्ट गंभीर आहे. नोंदणीच्या वेळी घाई असते, म्हणून मोबाइल क्रमांक आणि ईमेल सल्लागाराच्या ऑफिसचा टाकला जातो. ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, नोटीसही त्याच्याकडे. ऑफिसातला मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला की तुमची नोटीस कुणीच वाचत नाही. सहा महिने विवरणपत्र गेलं नाही म्हणून नोंदणी रद्द झाल्याचं एका व्यापाऱ्याला त्याच्या गिऱ्हाइकाने कळवलं, "तुमच्या बिलावर आम्हाला क्रेडिट मिळत नाही" म्हणून! आणि मालकाच्या मृत्यूनंतर तर अजून कठीण. एकल मालकीची जीएसटी नोंदणी वारसाकडे आपोआप जात नाही. मुलाने नवी घ्यायची, शिल्लक क्रेडिट रीतसर अर्ज करून तिकडे वळवायचं. तेराव्याच्या आधी हे कुणाला सुचणार? म्हणून पासवर्ड कुठे आहे हे घरात आणखी एका माणसाला ठाऊक असलं पाहिजे.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी नवा कायदा आला आहे. कलमांचे आकडे बदलले म्हणून घाबरू नका. ते पाठ करणं आमचं काम. तुमचं काम आज रात्री दोन मिनिटांचं आहे. आपल्या जीएसटी नोंदणीवर आणि प्राप्तिकराच्या खात्यावर मोबाइल क्रमांक कोणाचा आहे ते पाहा. तुमचा नसेल, तर उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी सल्लागाराला फोन करा आणि तो बदलून घ्या. त्याने कुरकुर केली, तर सल्लागारही बदला.